एकोणचाळीस फुटांवरची रजा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या उद्योजकांच्या एका बैठकीत विषय निघाला. कामगारांपैकी काही जणांकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं चालवायच्या बिनतारी संदेशयंत्राचा परवाना आहे, महापुरात ते स्वयंसेवक म्हणून संदेश पोचवायचं काम करतात. त्यांना त्या दिवसांचा पगार द्यायचा का? दहा मिनिटांत सभेत दोन तट पडले. एक तट म्हणाला, गाव बुडत असताना हिशेब कसला मांडता, माणुसकी आहे की नाही? दुसरा म्हणाला, बँकेचा हप्ता पुरातही चुकत नाही, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना रेडिओ हवाय कशाला? पुढचा तासभर आवाज चढत गेला, पण हा रेडिओवाला नेमकं काय करतो, त्याला सुट्टी कधी लागते आणि किती लागते, हे एकानेही विचारलं नाही. माणुसकी विरुद्ध हप्ता अशी कुस्ती लावली की दोन्ही बाजू आपणच जिंकलो असं समजून घरी जातात आणि प्रश्न आखाड्यात तसाच पडून राहतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मालकांनी या माणसांना भरपगारी रजा दिली पाहिजे, ती लेखी ठरवून दिली पाहिजे, आणि तिचा महत्त्वाचा भाग पूर येण्याआधीच्या कोरड्या दिवसांत दिला पाहिजे. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप चालवतो. चौदा माणसं आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालून दानधर्म सांगतोय असं नाही.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणाला नव्यानं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. पंपावर पेट्रोल मिळेना, नळाला पाणी येईना. चिखली-आंबेवाडी रिकामी करावी लागली आणि शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं वेढली गेली. आमच्याकडे सीएनसी टर्निंगवर काम करणारा एक तरुण परवानाधारक हॅम आहे. पाणी चढायला लागलं तसा तो माझ्याकडे आला, "साहेब, मला जायला लागतंय" एवढंच म्हणाला, आणि सेट, बॅटरी, वायरचं भेंडोळं घेऊन शिरोळकडे गेला. पाच दिवसांनी परतला. त्या पाच दिवसांतले तीन दिवस आमचं शॉप बंदच होतं, कारण वीज नव्हती आणि माल येत नव्हता. बाकीच्या तेरा जणांना बंद काळाचा पगार मी दिला. हा मात्र बंदच्या आधी रजा मंजूर करून न घेता गेलेला, म्हणून हजेरीपत्रकावर त्याची पाचही दिवस गैरहजेरी लागली आणि पगार कापला गेला. तो काही बोलला नाही. निवारा छावणीतल्या मधुमेही म्हाताऱ्यांची आणि त्यांना लागणाऱ्या इन्सुलिनची यादी त्याच्या सेटवरून गेली होती, हे मला दिवाळीत दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पुढच्या वर्षी ते पैसे मी परत दिले. पण त्या हजेरीपत्रकाकडे बघताना जी गोष्ट लक्षात आली, ती पैशापेक्षा मोठी होती. ऐन पुरात त्याच्या जाण्यानं माझं नुकसान जवळपास काहीच झालेलं नव्हतं. पूर आला की कारखाना असाही थांबतो. मग आम्ही ज्या खर्चावर भांडतोय तो नेमका कुठे आहे?

त्याआधी मोबाइलचा मुद्दा निकाली काढू, कारण तो अडाणीपणाचा नाही. रोजच्या आयुष्यात मोबाइल रेडिओपेक्षा शंभर पटींनी सोयीचा आहे, हे हॅमसुद्धा मान्य करतात. पण मोबाइल म्हणजे हातातला यंत्राचा तुकडा नव्हे. त्याच्यामागे टॉवर आहे, टॉवरमागे महावितरणची वीज आहे, आणि एका टॉवरला दुसऱ्याशी जोडणारी केबल आहे. पुराचं पाणी वाढलं की अपघात टाळायला वीज बंद करावीच लागते. मग टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, त्यानंतर जनरेटरवर. जनरेटर जमिनीवर असतो आणि त्याला डिझेल लागतं, जे पाण्यानं वेढलेल्या गावात पोचत नाही. जे टॉवर टिकतात त्यांच्यावर सगळा जिल्हा एकाच वेळी फोन लावत असतो. हॅमचा सेट मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि दोन स्टेशनांच्या मधे हवेशिवाय काही लागत नाही. आणखी एक फरक मला फार मोलाचा वाटतो. फोनवर दोघंच बोलतात. रेडिओच्या नेटवर, म्हणजे एकाच लहरीवर जमलेल्या स्टेशनांच्या जाळ्यावर, एक बोलतो आणि बाकी सगळी स्टेशनं ऐकत असतात. कुरुंदवाडला होड्या कमी आहेत हे नियंत्रण कक्षाला सांगितलं जात असतानाच नृसिंहवाडीच्या माणसालाही ते कळतं, आणि आपल्याकडे एक रिकामी आहे असं तो लगेच सांगू शकतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. हे सरकारचं काम आहे. पोलिसांचं वायरलेस आहे, एनडीआरएफ आहे, लष्कर आहे, सॅटेलाइट फोन आहेत. बरोबर आहे, आणि ही यंत्रणा नसती तर २०१९ ला काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण पोलिसांचं वायरलेस पोलिसांच्या कामासाठी आहे. बंदोबस्त, वाहतूक आणि बचाव यांतच ते भरून जातं. छावणीत किती बाळांना दूध लागतंय, कुणाचं डायलिसिस चुकलंय, कुठल्या शाळेच्या गच्चीवर किती माणसं मोजली, असे शेकडो बारीक संदेश त्या वाहिनीवर कोण घेणार? एनडीआरएफची तुकडी पुण्याहून येते, आणि ज्या रस्त्यानं ती येते तोच रस्ता शिरोलीला बुडतो. तुकडी पोचेपर्यंतचे तास गावातल्या माणसालाच काढावे लागतात. गावातला माणूस वस्तीचं नाव घेतल्याबरोबर तिथली वाट ओळखतो. बाहेरून आलेल्याला तीच वाट नकाशावर शोधावी लागते, आणि पुरात नकाशातली वाट पाण्याखाली असते.

आता खर्चाकडे येतो. हॅम रेडिओ म्हणजे बटण दाबलं आणि बोललं, असा समज आहे. परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, तीत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम दोन्ही येतात. मग पडताळणी होते आणि व्हीयू अक्षरांनी सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव मिळतं. ऐनवेळी कुणाच्या हातात सेट देऊन हॅम घडवता येत नाही. पण परवाना ही निव्वळ सुरुवात आहे. आपला जिल्हा कसा आहे बघा. पूर्वेला शिरोळ-हातकणंगले म्हणजे तळहातासारखी सपाटी, पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी म्हणजे डोंगरांची भिंत. पाच वॉटचा हातातला सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, समोर डोंगर आला की संपल्या. पन्हाळा-जोतिबासारख्या उंचीवर रिपीटर ठेवला तर तो संदेश उचलून पुढे टाकतो, तरीही डोंगरामागच्या दऱ्या सुटतात. तिथे ७ मेगाहर्ट्झवर जावं लागतं. साधारण वीस मीटर लांबीची तार फार उंच न बांधता आडवी ताणली की लहरी वर जातात आणि आकाशातून परत खाली उतरतात, म्हणजे डोंगर ओलांडायचा प्रश्नच उरत नाही. मात्र अंधार पडला की तीच वाट जवळच्या स्टेशनांसाठी बंद होत जाते आणि खालच्या बँडवर, म्हणजे कमी मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सरकावं लागतं, ज्याला दुप्पट लांबीची तार लागते. ही तार कुठल्या शाळेच्या गच्चीवरून कुठल्या झाडाला बांधायची? किती वाजता बँड बदलायचा? कुठल्या वळणावर हातातला सेट मुका होतो? यांतलं काहीही पुस्तकात नाही. ते उन्हाळ्यात जाऊन, बांधून, बोलून, चुकून शिकावं लागतं. तो सराव सगळ्या तालुक्यांत एकाच दिवशी व्हावा लागतो आणि तोही दिवसा, कामाच्या वेळेत, कारण ग्रामपंचायतीचे आणि तहसील कचेरीचे लोक तेव्हाच भेटतात. तिथे रजा लागते. त्या दिवशी आकाश निरभ्र असतं, ऑर्डरी तुंबलेल्या असतात, आणि कुठलाही मालक स्वाभाविकपणे म्हणतो, "आत्ता? पूर आला की जा की!"

२००४ च्या डिसेंबरमधलं अंदमान आठवा. भारती प्रसाद यांचा हॅम चमू तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये होता. आपत्तीसाठी गेलेले नव्हते ते; त्या बेटांवरून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायची मोहीम काढली होती आणि तिच्यासाठी परवानगीचे दीर्घ सोपस्कार पार पाडले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली, आणि या लोकांनी मोहीम बाजूला ठेवून बेटांवरचे संदेश मुख्य भूमीकडे पाठवायला सुरुवात केली. ते हे करू शकले कारण त्यांचे अँटेना उभे होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि चमू एकमेकांच्या आवाजाला सरावलेला होता. तिथे योगायोगानं जमून आलं. दरवर्षी जुलै-ऑगस्टला पूर बघणाऱ्या जिल्ह्यानं योगायोगावर का विसंबून राहावं?

काही जण म्हणतात, एवढंच असेल तर एक-दोन हौशी माणसं आहेत तेवढी पुरे. याचं उत्तर मी टायटॅनिकच्या रात्रीत शोधतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते जहाज बुडत होतं तेव्हा 'कॅलिफोर्नियन' नावाचं दुसरं जहाज त्या परिसरात थांबलेलं होतं. त्याच्यावर वायरलेस होतं, चालवणारा कुशल माणूसही होता. पण तो एकटाच होता. दिवसभराच्या कामानंतर रात्री तो यंत्र बंद करून झोपला आणि त्यानंतर आलेली मदतीची हाक त्या जहाजावर कुणी ऐकलीच नाही. चूक त्या तरुणाची नव्हती, माणूस झोपणारच. दुसऱ्या माणसाचा खर्च नको, असा हिशेब त्या काळी बऱ्याच जहाजांवर होता. १९१४ साली आंतरराष्ट्रीय करार करून जहाजांवर वायरलेसचा पहारा बंधनकारक करावा लागला. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एकच स्टेशन धरलं आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या तरी छत्तीस माणसं होतात, नियंत्रण कक्षाची वेगळी. म्हणजे चाळिसेक माणसं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या वसाहती, इचलकरंजीचे माग, साखर कारखाने, दूध संघ, शाळा-कॉलेजं, बँका या सगळ्यांत मिळून चाळीस. एका मालकाच्या वाट्याला एकापेक्षा जास्त माणूस येण्याचं कारणच नाही.

तरी त्या एका माणसाचा भार लहान मालकाला जड जातो, हे मी आक्षेप म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतो. वीस माणसांच्या फाउंड्रीत भट्टीवरचा माणूस सकाळी आला नाही तर त्या दिवशीचं ओतकाम अडतं. मोल्ड तयार पडून असतात, पुढची मशीन शॉप मालाची वाट बघत बसते, गिऱ्हाईक उशिराचा दंड कापून घेतं. मोठ्या कंपनीत चारशेतला एक गेला तर सुपरवायझर पाळी फिरवतो. इथे फिरवायला माणूसच नसतो. या मालकाला माणुसकी शिकवणं हा अन्याय आहे. त्याला आगाऊ सूचना आणि बदली माणूस यांची गरज आहे, आणि या दोन्ही गोष्टी जमवता येतात.

कोल्हापूरचं संकट भूकंपासारखं न सांगता येत नाही, पूर वर्दी देऊन येतो. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी पहिला उघडला की अर्ध्या तासात ती बातमी शहरभर होते. राजाराम बंधाऱ्याची पातळी जिल्हा प्रशासन रोज जाहीर करतं. २०२१ च्या जुलैत पाणी झपाट्यानं चढलं, तरी काही तास हातात होतेच. मग रजेचा करार त्या आकड्याला का बांधू नये? पातळी ३९ फुटांवर गेली की परवानाधारक कामगारानं आपलं काम बदली माणसाला समजावून द्यायचं आणि पाळी संपवून निघायचं. ४३ फूट झाले की पाळी संपायची वाट न बघताही तो मोकळा, आणि पाणी पुन्हा ३९ च्या खाली उतरून दोन दिवस होईपर्यंत त्याची हजेरी भरपगारी. सगळ्यांना दिसणारा आकडा मधे असला की "खोटं सांगून सुट्टी घेतील" ही भीतीही उरत नाही. बंधाऱ्यावरची पट्टी कुणाच्या ओळखीनं वर-खाली होत नाही. त्यानं कुठल्या स्टेशनवर किती तास काम केलं याची नोंद त्या स्टेशनच्या लॉगमध्ये असतेच, कारण प्रत्येक संदेश वेळ टाकून लिहायची हॅमची शिस्तच आहे.

मग फक्त रेडिओवाल्यांनाच का, असंही विचारलं जातं. होडी वल्हवणारे आहेत, पट्टीचे पोहणारे आहेत, साप पकडणारे आहेत. आमच्या तालमींची पोरं तर कुणी न बोलावता पाण्यात उतरतात. हा प्रश्न मला अडचणीत टाकतो, कारण जीव धोक्यात घालणारी ही मुलं रेडिओवाल्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत. मी एवढंच म्हणेन की सुरुवात तिथून करावी जिथे माणसं मोजकी आहेत, सरकारी परवान्यानं ओळखता येतात, आणि ज्यांची जागा आयत्या वेळी दुसरा घेऊ शकत नाही. ही पद्धत बसली की होडीवाल्यांपर्यंत नेणं सोपं जाईल. सगळ्यांना एकदम द्यायचं म्हणून कुणालाच न देणं हा न्याय कसा?

पगार घेतला तर ती सेवा कसली, असं म्हणणारे भले लोक भेटतात. हॅम रेडिओची व्याख्याच पैशाचा हेतू न ठेवता चालवायची सेवा अशी आहे, आणि ते तत्त्व जपलंच पाहिजे. पण मालक पगार देतो तो लेथवरच्या नोकरीचा. रेडिओवर बोलण्याची बिदागी कुणीच देत नाही. मतदानाच्या दिवशी आपण भरपगारी सुट्टी देतो, तो कायदा आहे, म्हणून कुणी मत विकत घेतलं असं म्हणतो का? प्रादेशिक सेनेत सेवेसाठी बोलावलेल्या माणसाची नोकरी राखायची तरतूद १९४८ पासून कायद्यात आहे. माणूस सार्वजनिक कामाला गेला म्हणून त्याच्या घरची चूल विझू नये, एवढाच त्यामागचा विचार. याच तत्त्वातून मालकांसाठीही एक गोष्ट निघते आणि ती स्पष्ट सांगायला हवी. आपण रजा दिली म्हणून त्या सेटवरून आपला ट्रक कुठे अडकलाय किंवा माल कधी सुटणार, हे विचारून घ्यायचं नाही. धंद्याचे निरोप त्या लहरींवर चालत नाहीत. एकाने तसं करवून घेतलं तरी परवाना त्या कामगाराचा जाऊ शकतो.

राहिला पैशाचा वाटा कुणी किती उचलायचा हा मुद्दा. माझ्या शॉपमध्ये त्या तरुणाचा रोज सातशे रुपये पडतो. सरावाचे दोन दिवस आणि पुराचे पाच धरले तर वर्षाला चार हजार नऊशे. मला हे झेपतं. चार माणसांच्या वर्कशॉपला झेपेलच असं नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रशासनाला गरज पडली तर तुमचा ट्रक ताब्यात घेता येतो आणि त्याची भरपाईही मिळते. मग त्याच लहान वर्कशॉपचा कुशल माणूस सात दिवस जिल्ह्याच्या कामाला आला तर त्याची भरपाई का नको? कोल्हापूरला हे नवीन नाही. दुष्काळात शाहू महाराजांनी व्यापाऱ्यांना धान्य स्वस्तात विकायला सांगितलं तेव्हा त्यांचा तोटा दरबारानं भरून दिला. व्यापाऱ्याच्या चांगुलपणावर सगळं सोडलं नाही आणि त्याला खलनायकही ठरवलं नाही. मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात, आणि आपत्ती व्यवस्थापन त्या कामांच्या यादीत आहे. डोंगरावरचा रिपीटर, बॅटऱ्या, तारा यांचा भार त्यांनी उचलावा. लहान मालकानं माणूस द्यावा. आणि बदली कामगारांची एक सामायिक यादी उद्योजक संघटनांनी ठेवावी, म्हणजे भट्टीवरचा माणूस गेला तर शेजारच्या फाउंड्रीतला सुट्टीवरचा माणूस कुठे मिळेल ते त्याच दिवशी कळेल.

आमच्या शॉपमध्ये हा करार एका कागदावर लिहून फळ्याला लावला आहे. मागच्या मे महिन्यात तो तरुण पन्हाळ्याकडच्या सरावाला गेला, भरपगारी. त्याच्या मशीनवर त्या दिवशी हेल्परला उभं केलं होतं. त्यानं ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचा मापाचा आकडा, चुकीचा टाकला आणि दोन नग रिजेक्ट झाले. संध्याकाळी मी ते नग टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी पाळी सुरू व्हायच्या आधी अर्धा तास येऊन तोच जॉब पुन्हा लावला, आणि जूनपर्यंत दर शनिवारी ते मशीन हेल्परनंच चालवलं.